वादाची शीव

पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर वादविवाद स्पर्धांची माहितीपत्रके दिसू लागतात. कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ, सांघिक फिरता करंडक, प्रत्येक संघात दोन स्पर्धक, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, वेळ पाच अधिक दोन मिनिटे, परीक्षकांचा निर्णय अंतिम. या मजकुराच्या मधोमध ठळक टायपात एक ओळ असते, ती विषयाची. स्पर्धा आटोपल्यावर वक्त्यांच्या उच्चारांची चर्चा होते, परीक्षकांच्या पक्षपाताची तर होतेच होते. त्या ओळीच्या वाटेला मात्र कुणी जात नाही. वास्तविक दिवसभराच्या वादाचा कस तिनेच आधी ठरवून टाकलेला असतो. म्हणून ही ओळ म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे असे मानून ती वाचून पाहावी, असे मला वाटते. दहा-बारा शब्दांत दोन अनोळखी माणसांना समोरासमोर उभे करायचे, दोघांच्याही पायाखाली सारखीच जमीन ठेवायची आणि दोघांनाही पळायला वाट ठेवायची नाही, हे सोपे काम नाही.

आधी आपल्याकडचा सर्वांत लाडका नमुना घेऊ: ‘विज्ञान : शाप की वरदान?’ विज्ञानाच्या जागी मोबाइल घाला, दूरदर्शन घाला, समाजमाध्यमे घाला, साचा तोच. ही ओळ कानाला गोड लागते, कारण तिला लय आहे, आणि ती वक्त्याला पहिल्याच वाक्यात टाळी मिळवून देते. पण तिच्यात कर्ताच नाही. कुणी काही करावे किंवा करू नये, असे ती म्हणत नाही. त्यामुळे एकाने पेनिसिलीन सांगायचे, दुसऱ्याने हिरोशिमा सांगायचे, आणि दोघांनी शेवटी ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’ या पुलाखाली गळाभेट घ्यायची. एकाचे म्हणणे खरे ठरल्याने दुसऱ्याचे खोटे ठरत नाही. दोघेही एकाच वेळी खरे असू शकतात. मग वाद कशाचा? उरतात ती दोन भाषणे, एकापाठोपाठ एक झालेली. आपल्याकडे अनेक स्पर्धांत खंडनाला जागाच नसते, याचा दोष आपण नियमांना देतो. अर्धा दोष या साच्याचा आहे. खंडन करण्याजोगे त्याने काही ठेवलेलेच नसते.

आता एक परदेशी ओळ वाचू. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत वादविवादाचा एक प्रकार असा आहे, की सगळ्या देशातले संघ वर्षभर एकाच विषयावर वाद घालतात. शिक्षक आणि प्रशिक्षक सविस्तर टिपणे लिहून विषय सुचवतात. ऑगस्टच्या सुमारास त्यांची बैठक बसते. शब्दन् शब्द तासून पाच विषय काढले जातात. मग राज्याराज्यांतून मतदान होऊन पाचांचे दोन आणि दोनांचा एक होतो. निकाल जानेवारीत लागतो आणि त्या विषयाचा हंगाम पुढच्या शरदात सुरू होतो. म्हणजे ओळ ठरल्यावरही ती उभी राहायला अर्धे वर्ष मिळते. २०२१-२२च्या हंगामाची ओळ मराठीत मांडायची तर अशी: अमेरिकेच्या संघराज्य सरकारने देशातील जलसंपत्तीच्या संरक्षणात भरीव वाढ करावी.

पहिल्या वाचनात ओळ रुक्ष वाटते. सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखी. तिचे सौंदर्य दुसऱ्या वाचनात कळते. ‘संघराज्य सरकारने’ म्हटल्याबरोबर विरोधकाच्या हाती एक सबळ शस्त्र आले: हे काम राज्यांनी का करू नये? ‘वाढ’ या शब्दाने दिशा बांधून टाकली. अनुकूल बाजूला आहे तेच बरे आहे म्हणून निसटता येत नाही. ‘भरीव’ने चिल्लर सूचना बाद केल्या, पण किती म्हणजे भरीव, हा वाद मुद्दाम शिल्लक ठेवला. आणि सगळ्यांत चतुर शब्द ‘संरक्षण’. नदी प्रदूषणापासून वाचवणे हे संरक्षण. पण तहानलेल्या शहराला नळाने पाणी पोचवणे हे संरक्षण म्हणायचे का? अनुकूल संघाची योजना विषयाच्या आत बसते की बाहेर, यावरच फेरी जिंकता किंवा हरता येते. ओळीचा अर्थ हाही वादाचा भाग होतो. शिवाय तेच दोघे विद्यार्थी एका फेरीत बाजूने आणि पुढच्या फेरीत विरोधात बोलतात. त्यामुळे ही ओळ ते एकाच अंगाने वाचू शकत नाहीत.

दीर्घकाळ टिकणारा विषय ही काही अमेरिकेची मिरासदारी नाही. आपल्या शाहिरीतला कलगी-तुऱ्याचा झगडा आठवावा. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. फड समोरासमोर बसायचे, भेदिक कवने गायची, सवाल टाकायचे आणि जवाब मागायचे. विषय एकच, आणि तो कित्येक पिढ्या पुरला. का पुरला? शक्तीवाचून शिव हलत नाही आणि शिवावाचून शक्तीला आधार नाही. प्रत्येक बाजूचा सर्वांत बळकट दाखला समोरच्याच्या घरात ठेवलेला. त्यामुळे कलगीच्या शाहिराला तुऱ्याचे तत्त्वज्ञान पाठ असावेच लागे. विषय निवडणाऱ्याने हा गुण शाहिरांकडून उचलण्यासारखा आहे: आपली बाजू मांडायला विरोधकाचे घर धुंडाळावे लागले पाहिजे.

पण कलगी-तुऱ्याचा निकाल लागावा अशी कुणाची इच्छाच नव्हती. निकाल मागणारी ओळ वेगळी असते, आणि तिचा नमुनाही आपल्याच इतिहासात आहे. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत महाराष्ट्राचा आवडता वाद होता. प्रश्न भव्य, माणसे त्याहून भव्य. पण ‘आधी’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इतके मोकळे रान होते, की टिळक आणि आगरकर दोघांनाही त्यात हवे तेवढे चालता आले. मग १८९१ साली संमतिवयाचे विधेयक आले. संमतीची मर्यादा दहा वर्षांवरून बारा करायची, आणि ती सरकारने कायद्याने करायची. ओळ एवढीशी झाल्याबरोबर वादाची धार बदलली. टिळकांना परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये हा मुद्दा काटेकोरपणे मांडावा लागला. रा. गो. भांडारकरांना धर्मशास्त्रे उघडून वचनांचा अर्थ लावत बसावे लागले. मोठ्या प्रश्नावर सगळ्यांनीच मते दिली होती. लहान प्रश्नाने त्यांच्याकडून युक्तिवाद वसूल केले. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. आधी-नंतरचा वाद पुढेही चालूच राहिला.

एवढी मापे हाताशी आल्यावर आपल्या दाराशी यायला हरकत नाही. हर्सूल हे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावरचे एके काळचे गाव. आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले. नवरात्रात हरसिद्धी मातेच्या दर्शनाला गर्दी लोटते ती सोडली, तर बाकीच्या शहराला हर्सूल दोन गोष्टींमुळे ठाऊक: मध्यवर्ती कारागृह आणि तलाव. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन ऑगस्ट ते फेब्रुवारी असा एका विषयाचा, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी बोलण्याचा हंगाम ठरवायचा म्हटले, तर या दोन जागांतून दोन ओळी निघतात. दोन्ही वाचून पाहू.

कारागृहाची ओळ अशी: संसदेने कच्च्या कैद्यांना मतदानाचा हक्क द्यावा.

ओळ पाहताक्षणी मन जिंकते. सहा शब्द, एकही फुगीर नाही. कर्ता स्पष्ट, कृती स्पष्ट. ‘कच्च्या’ हा शब्द काढून टाकला तर शिक्षा झालेले गुन्हेगारही आत येतात आणि पारडे विरोधकाकडे झुकते. तो ठेवला की दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व अनुकूल बाजूच्या पाठीशी उभे राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदीच होती, म्हणजे ओळ फुटकळ अपवादाबद्दल बोलत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्या व्यक्तीला, शिक्षा झालेली असो वा नसो, मत देता येत नाही. गंमत पुढेच आहे. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या व्यक्तीला सवलत आहे. तिला टपालाने मत देता येते. आणि २०१३च्या दुरुस्तीनंतर कोठडीतला माणूस निवडणुकीला उभा राहू शकतो. स्वतःला मत देता येत नाही, पण इतरांकडून घेता येते! अनुकूल वक्त्याला याहून मोठी भेट कोणती? विरोधकही निःशस्त्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात हे कलम वैध ठरवले. पोलीस बळ आणि साधने मर्यादित आहेत, आणि निवडणुकीच्या मैदानातून गुन्हेगारीला दूर ठेवायचे तर हा निर्बंध गैर नाही, असा त्यामागचा विचार. शिवाय तुरुंगातल्या मतदारावर आतल्या दांडग्यांचा दबाव येणार नाही याची हमी कोण देणार, हाही प्रश्न आहेच.

अशी ही ओळ. तरीही हंगामासाठी मी ती निवडणार नाही. तिच्यात दडलेले सगळे दागिने पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच बाहेर येतात. स्थानबद्धाचे टपाली मत, २०१३ची दुरुस्ती, १९९७चा निकाल: तिसऱ्या स्पर्धेपर्यंत प्रत्येक वहीत हेच पत्ते त्याच क्रमाने लिहिलेले सापडतील. चौथ्या स्पर्धेपासून पाठांतर सुरू होईल आणि वाद उच्चारांच्या स्पर्धेवर येऊन ठेपेल. एका दिवसाच्या करंडकासाठी मात्र हिच्याहून नेटकी ओळ शोधून सापडायची नाही.

तलावाची ओळ इतकी सहज हाती लागत नाही. चांगला पाऊस झाला की हर्सूलचा तलाव भरतो आणि जुन्या शहरातल्या काही वसाहतींची तहान भागते. दुष्काळी सालात त्याचा तळ उघडा पडतो. बाकी शहराची सारी भिस्त पैठणच्या जायकवाडीवर. म्हणजे विषय पाण्याचा, हे ठरलेलेच. पण ‘पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे’ असे म्हटले, तर प्रतिकूल बाजूला उभे राहायला माणूस मिळणार नाही. ‘पाण्याच्या बाबतीत मराठवाड्यावर अन्याय झाला आहे’ असे म्हटले, तर आपल्या शहरात विरोधात बोलणाऱ्याचे भाषण हुल्लडीत बुडेल, आणि हीच ओळ नाशिकला नेली तर बाजूने बोलणाऱ्याचे. श्रोते बदलले की ज्या ओळीचा तोल बदलतो, ती ओळ सभेची असते, वादाची नसते.

मग अधिक नेमके होऊ: ‘जायकवाडीत साठा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे.’ इथे दुसरीच अडचण येते. हे आधीच ठरलेले आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५चा कायदा समन्यायी वाटप सांगतो. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा-निळवंडे अशा वरच्या धरणसमूहांतून पाणी सोडण्याचे सूत्र लागू होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. अनुकूल वक्ता आहे त्याच व्यवस्थेची वकिली करू लागला, की बदल मागण्याचा भार विरोधकावर जातो आणि दोन्ही बाजू उलट्यापालट्या होतात. विषयाने नेहमी नवे काही मागितले पाहिजे.

पाणी सोडण्यावरून ते पिणाऱ्या पिकाकडे वळले, की शेवटी ओळ इथे येऊन थांबते: महाराष्ट्र शासनाने गोदावरी खोऱ्यातील उसाखालच्या क्षेत्रावर कायद्याने मर्यादा घालावी.

आता ही सावकाश वाचू. सर्वांत मोलाचा शब्द ‘खोऱ्यातील’. मराठवाडा म्हटले असते तर हा तंटा प्रांतांचा झाला असता. खोरे म्हटल्याने प्रवराकाठचे, कोपरगाव-श्रीरामपूरकडचे उसाचे फड आणि पैठण-जालन्याकडचे फड एकाच मापाने मोजले जाऊ लागले. वरचे आमचे पाणी अडवतात, अशी तक्रार करणाऱ्याला आता स्वतःच्या शिवारातल्या उसाचाही हिशेब द्यावा लागेल. ‘मर्यादा’ हा शब्दही तोलून घेतलेला आहे. बंदी म्हटले असते तर विरोधक न बोलताच जिंकला असता. मर्यादा म्हटल्यावर ती किती, कुठे आणि कुणावर, हे अनुकूल बाजूने सांगायचे. ‘कायद्याने’ हा शब्द विरोधकाच्या फायद्याचा. कायदा कशाला? सगळा ऊस ठिबकवर आणा, डाळी-तेलबियांना खात्रीचा भाव द्या, ऊस आपोआप कमी होईल, अशी पर्यायी योजना तो मांडू शकतो. ‘महाराष्ट्र शासनाने’ म्हटल्यामुळे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर तर केंद्र ठरवते, दुखणे तिथेच आहे, असेही म्हणता येते.

आणि दोन्ही बाजूंना भक्कम जमीन आहे. अनुकूल वक्ता एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेल्या रेल्वेपासून सुरुवात करील. ते साहजिक आहे. कसलेला विरोधक त्या रेल्वेला हात लावणार नाही. तो विचारील, की दुष्काळी टापूत ज्या पिकाचा किमान दर कायद्याने बांधलेला आहे आणि ज्याचे पैसे चौदा दिवसांत देण्याचे बंधन १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यावर घातले आहे, ते एकमेव पीक शेतकऱ्याच्या हातून काढून घेताना तुम्ही त्याला काय देणार? या प्रश्नाला टाळीचे उत्तर नाही. आकडे घेऊन बसावे लागते.

पण ही ओळ हंगामाची का, याचे खरे कारण पंचांगात आहे. ऑगस्टमध्ये स्पर्धा सुरू होतात तेव्हा आडसाली उसाची लागण चालू असते आणि धरणे भरतात की नाही, याची धाकधूक. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा आकडा येतो, आणि त्या एका आकड्याने निम्म्या भाषणांचा आधार सुटतो. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम आणि दराचे आंदोलन. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू उसाची लागण आणि उन्हाळ्याच्या टँकरची पहिली बोलणी. मध्येच दिल्लीहून एखादा आदेश येतो: ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तसा. त्या दिवशी ज्याची तयारी इथेनॉलच्या भरवशावर होती, त्याला रात्रीतून नवा युक्तिवाद उभारावा लागला असता. हीच ओळ प्रत्येक महिन्यात निराळी वाचावी लागते. बंदिशीचे बोल दोनच असावेत आणि बढत तासभर चालावी, तसे.

राहिली एक कसोटी, आणि ती शब्दांच्या पलीकडची आहे. ही ओळ सूचनाफलकावर लागेल का? आपल्याकडे कित्येक शिक्षणसंस्थांच्या आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांत तीच आडनावे सापडतात. प्राचार्यांनी ओळ वाचून ‘विषय जरा सौम्य करता येईल का’ असे विचारले, तर नवल नाही. अमेरिकेतही असे झाले आहे. १९५४-५५ साली तिथल्या महाविद्यालयांचा विषय होता, चीनच्या कम्युनिस्ट सरकारला अमेरिकेने राजनैतिक मान्यता द्यावी. वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिस या लष्करी व नौदल अकादम्यांनी आपल्या छात्रांना या विषयावर बोलू दिले नाही. मान्यतेच्या बाजूने बोलणे म्हणजे ते मत धारण करणे, असाच याचा अर्थ. वादातली बाजू आणि माणसाची निष्ठा एकच मानली, की स्पर्धेत फक्त सुरक्षित विषय उरतात.

या भीतीवरचा उतारा याच शहरात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. ग्रीक राजा मिनँडर म्हणजे मिलिंद, वादाची खुमखुमी असलेला. त्याचे समाधान केले भिक्षू नागसेनाने. महाविद्यालयाला राजाचे नाव आणि परिसराला भिक्षूचे, नागसेनवन. दोन नावांत मिळून वादाचे दोन्ही पक्ष आले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात चर्चेपूर्वी नागसेन राजाला एक अट घालतो. पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात उकल होते, खंडन होते, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, आणि कुणी रागावत नाही. राजांच्या वादात मत एकच असते, आणि न पटणाऱ्याला दंड होतो. विषय कोणता घ्यावा हे ठरण्याआधी वाद कोणत्या रीतीचा, हे ठरवून घेणारा हा भिक्षू प्रत्येक आयोजन समितीत हवा. पंडितवादाची हमी मिळाली, तर उसाचीच काय, त्याहून तिखट ओळही फलकावर लावता येते. ती नसेल तर मग शाप की वरदान आहेच.

म्हणून माझे मत तलावाच्या ओळीला. तुरुंगाची ओळ अधिक देखणी आहे, हे मान्य करूनही. ऑगस्टच्या पहिल्या फेरीत जे भाषण करता आले असते, तेच फेब्रुवारीच्या अंतिम फेरीत ऐकू आले, तर त्यात वक्त्याचा आळस थोडा आणि विषय काढणाऱ्याचा अधिक. उसाच्या ओळीवर असे भाषण टिकणार नाही. तोवर धरणाचा आकडा आलेला असेल, दर फुटलेला असेल, आणि विरोधकाने या बाजूने एकदा बोलून तिची उणी जागा स्वतःच हेरून ठेवलेली असेल.